कुलूप सर्वांना ठाऊक, किल्ली मात्र आपली

वाड्यात किंवा चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘च’ची भाषा शिकवावी लागत नाही. शब्दातले पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा, एवढाच तिचा नियम. ‘कमल’चे ‘चमलक’ होते. मोठ्या माणसांसमोर दोघी बहिणी या भाषेत भराभर बोलू लागल्या की आजी नुसती पाहत राही आणि त्या दोघींना आपण जगातल्या सर्वांत सुरक्षित गुपिताच्या धनी आहोत असे वाटे. हा आनंद शेजारच्या मुलाला नियम कळेपर्यंत टिके. नियम कळला की गुपित संपले. पुढचेच नव्हे, आधी बोललेलेही उघडे पडले.

गूढलेखनशास्त्राचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास हा या लहानशा फजितीतून बाहेर पडण्याचा इतिहास आहे. बँकेकडून येणारा ओटीपी, भाजीच्या हातगाडीवर टांगलेला क्यूआर कोडचा चौकोन, परदेशी असलेल्या मुलाशी रात्री होणारे बोलणे, या सर्वांमागे आज हेच शास्त्र उभे आहे. तरीही आपल्या समाजात त्याविषयी दोन टोकाच्या भूमिका आढळतात. ‘हे सारे आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते’ असे म्हणून काही जण समाधान मानतात. ‘हे संगणकवाल्यांचे काम, आपल्याला काय करायचे’ असे म्हणून उरलेले मान वळवतात. दोन्ही भूमिका राष्ट्राच्या दृष्टीने सारख्याच घातक आहेत.

परंपरेचे मोल आणि मर्यादा

पूर्वजांना हे ठाऊक होते, यात असत्य काही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गुप्तचर व्यवस्थेची जी तपशीलवार मांडणी आहे, तिच्यात हेरांकडील वार्ता पोचविण्यासाठी ‘संज्ञालिपी’ वापरण्याचा स्पष्ट निर्देश आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘म्लेच्छितविकल्प’ ही गूढ भाषेची कला येते आणि यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेत तिच्या पद्धतींचे विवेचन सापडते. त्यांपैकी ‘मूलदेवीय’ पद्धतीत अक्षरांच्या जोड्या लावून अदलाबदल केली जाते. ‘च’च्या जागी ‘ट’, ‘त’च्या जागी ‘प’, ‘न’च्या जागी ‘म’ आणि तसेच उलटही. या रीतीने ‘नमन’ लिहिले की ‘मनम’ होते. आपल्या वर्णमालेची वर्गवार शास्त्रशुद्ध रचना हाताशी असल्यामुळेच अशी पद्धत सुचू शकते. बोटांच्या खुणांनी अक्षरे सांगणारी करपल्लवी तर जुन्या मराठी घरांतही परिचयाची होती. मोडी ही मात्र, सर्वसाधारण समज काहीही असो, गुप्त लिपी नव्हती. ती हात न उचलता झरझर लिहिण्याची कारभारी लिपी होती. आज ती आपल्याला वाचता येत नाही, हा दोष लिपीचा नाही.

परंतु या पद्धतींची मर्यादाही तितक्याच स्वच्छपणे सांगितली पाहिजे. त्यांची सारी भिस्त नियम गुप्त राहण्यावर होती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने दाखवून दिले की, नियम ठाऊक नसतानाही असे लेखन उलगडता येते. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. मजकूर पुरेसा लांब असेल, तर कोणते चिन्ह किती वेळा आले याची मोजदाद करावी. मूळ अक्षरे आपोआप डोके वर काढतात. अक्षरे तीन घरे पुढे सरकविणारी ज्युलियस सीझरची पद्धत या मोजणीपुढे टिकत नाही आणि आपली मूलदेवीयही टिकत नाही. दुसऱ्याच्या बुद्धीचे श्रेय मान्य केल्याने आपल्या परंपरेला उणेपणा येत नाही. न मान्य केल्याने मात्र आपण गाफील राहतो.

१८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने फ्रेंच सैनिकी नियतकालिकातील लेखात या शास्त्राचे सूत्रच मांडले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती केवळ किल्ली. कुलूप कसे बनते हे गावातल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक असते, म्हणून कोणी घराला कुलूप लावायचे सोडत नाही.

क्रांतिकारकांनी मोजलेली किंमत

हे सूत्र दुर्लक्षिले तर काय होते, याचे एक उदाहरण आपल्या स्वातंत्र्यलढ्यात आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा नसते. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील गदर पक्षाने जर्मनीच्या साह्याने हिंदुस्थानात सशस्त्र उठाव घडविण्याचा प्रयत्न केला. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हा तरुण त्यासाठी अमेरिकेहून परतला. फेब्रुवारी १९१५ मधील उठावाचा बेत फितुराने फोडला आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबर रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासह पिंगळे लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले.

अमेरिकेत मागे राहिलेल्या सहकाऱ्यांवर सॅन फ्रान्सिस्को येथे नोव्हेंबर १९१७ पासून खटला चालला. त्यांची आकड्यांत लिहिलेली पत्रे ब्रिटिश यंत्रणांच्या हाती लागली होती. पद्धत अशी : दोघांकडे एकच छापील पुस्तक असायचे आणि पान, ओळ, अक्षर यांचे आकडे देऊन मजकूर कळवायचा. पुस्तक कोणते हे ठाऊक नसेल तर पत्र म्हणजे नुसता आकड्यांचा ढीग. ती पत्रे विल्यम फ्रीडमन या तरुण अमेरिकी तज्ज्ञाकडे सोपविण्यात आली. त्याच्यापाशी ते पुस्तक नव्हते. आकड्यांच्या पुनरावृत्तीवरून एकेक शब्द जुळवीत त्याने मजकूर उलगडला आणि न्यायालयात साक्षही दिली. ते पुस्तक प्राइस कॉलियर यांचे ‘जर्मनी अँड द जर्मन्स’ असल्याचे नंतर निष्पन्न झाले.

या देशभक्तांच्या निष्ठेत तसूभरही कमतरता नव्हती. एके ठिकाणी माणूस फितला, दुसरीकडे कुलूप कच्चे निघाले. केवळ निष्ठा गुपित राखत नाही, हा धडा त्यांनी आपल्यासाठी फार मोठी किंमत मोजून ठेवला आहे. गणित हेही शस्त्र असते. हिटलरच्या सैन्याचे ‘एनिग्मा’ यंत्र अभेद्य मानले जात होते. परंतु पोलंडने आपल्या विद्यापीठातील तरुण गणितज्ञांना कामाला लावले आणि मारियन रेयेव्स्की यांनी डिसेंबर १९३२ मध्येच त्याची रचना शोधून काढली. जुलै १९३९ मध्ये, म्हणजे स्वतःच्या देशावर आक्रमण होण्याच्या काही आठवडे आधी, पोलंडने हे ज्ञान इंग्लंड व फ्रान्सच्या हवाली केले. ॲलन ट्युरिंग आणि ब्लेचली पार्कचे पुढचे थोर कार्य या पायावर उभे राहिले.

विकत घेतलेली कुलुपे

युद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांना आपला राजनैतिक पत्रव्यवहार गुप्त ठेवण्यासाठी यंत्रे हवी होती. ती बनविण्यात स्वित्झर्लंडमधील ‘क्रिप्टो एजी’ या कंपनीचा लौकिक होता. तटस्थ देश, काटेकोर कारागिरी, मग शंका कशाला घ्यायची? फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने जर्मन व स्विस माध्यमांच्या साह्याने सत्य बाहेर आणले. १९७० साली ही कंपनी अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची गुप्तचर संस्था यांनी मिळून गुपचूप विकत घेतली होती. यंत्रांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवले जात आणि ती वापरणाऱ्या देशांचे संदेश सहज वाचले जात. जर्मनीने १९९३ च्या सुमारास अंग काढून घेतले. सीआयएचा सहभाग २०१८ पर्यंत राहिला. शंभराहून अधिक देश या कंपनीचे ग्राहक होते आणि त्यांत भारताचेही नाव होते. आपण पैसे मोजून कुलूप आणले आणि दुसरी किल्ली विक्रेत्याच्याच खिशात राहिली.

स्वदेशी म्हणजे केवळ साबण आणि टूथपेस्ट नव्हे, हे यातून कळावे. मात्र ‘आमचे कुलूप आमच्या गुप्त पद्धतीने बनविलेले आहे’ असे म्हणणे हेही स्वदेशी नव्हे. ती पुन्हा ‘च’ची भाषा झाली. आज बँका, शासन, सैन्य यांच्या कामी जगभर वापरली जाणारी ‘एईएस’ पद्धत ही बेल्जियममधील दोन संशोधकांची रचना. अमेरिकेने खुली स्पर्धा ठेवली, १५ रचना जगासमोर मांडल्या, त्या फोडून दाखवा असे जगभरच्या तज्ज्ञांना आवाहन केले आणि तावून सुलाखून निघालेली रचना २००१ साली प्रमाण मानली. खरे स्वावलंबन म्हणजे कुलूप स्वतः तपासू शकणारी, गरज पडल्यास नवे घडवू शकणारी आणि दुसऱ्याचे फोडून पाहू शकणारी माणसे आपल्या देशात पुरेशा संख्येने असणे.

आर्यभटापासून हातगाडीपर्यंत

अशी माणसे घडविण्याची पात्रता आपल्यात आहे काय? उत्तर देण्यापूर्वी आधुनिक कुलपाची करामत समजून घेऊ. पूर्वीच्या सर्व पद्धतींत एक अडचण होती. दोघांकडे एकच किल्ली हवी, मग ती आधी पोचवायची कशी? १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी वाट दाखविली आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. फ्लॅटच्या दाराला लॅच असते. ते ओढून बंद करायला किल्ली लागत नाही, कोणीही बंद करू शकतो. उघडायला मात्र किल्ली लागते. हे लॅच गणिताने बनविले आहे. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार शाळकरी मुलगाही करील, उत्तर ३२३३. पण नुसता ३२३३ हा आकडा देऊन ‘कोणत्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार?’ असे विचारले, तर मोठ्यांनाही कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. मूळ संख्या प्रचंड घेतल्या आणि गुणाकार सहाशेहून अधिक अंकी झाला, की आजचे संगणकही हात टेकतात.

या पद्धतीत गुप्त किल्ली तयार करताना एक अनिश्चित समीकरण सोडवावे लागते. त्या जातीची समीकरणे सोडविण्याची रीत इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथात आहे. पुढे ती ‘कुट्टक’ नावाने ओळखली गेली. याचा अर्थ आर्यभटाने ओटीपी शोधला असा मुळीच नाही. अशा भाबड्या दाव्यांनी आर्यभटाचा गौरव होत नाही, आपले हसे मात्र होते. अर्थ एवढाच, की ज्या गणितावर हे शास्त्र उभे आहे ते आपल्याला परके नाही. आणि हा वारसा केवळ ग्रंथांतला नाही. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणीन्द्र अग्रवाल आणि नीरज कयाल व नितिन सक्सेना हे त्यांचे दोन तरुण विद्यार्थी यांनी, एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे व कार्यक्षमतेने ठरविणारी रीत सिद्ध केली आणि साऱ्या गणितविश्वाने माना डोलावल्या. २००६ साली या कार्याला गोडेल पारितोषिक मिळाले. आपल्यापैकी किती घरांत ही तीन नावे ठाऊक आहेत?

याच शास्त्राच्या बळावर आज हातगाडीवरचा व्यवहार चालतो. आपण यूपीआयचा पिन टाकतो तेव्हा तो आपल्या फोनमध्येच सांकेतिक रूपात बंदिस्त होऊन पुढे जातो. भाजीवाल्याला तो दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या व्यवहारांनी महिन्याला १००० कोटींचा टप्पा ओलांडला. कोथिंबिरीची जुडी घेताना आपण कुलपावर जो विश्वास टाकतो, त्यावर आता देशाचे अर्थकारण उभे आहे.

तिसरी किल्ली कोणाकडे?

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्या कुलपाआड कुटुंबाचे बोलणे सुरक्षित राहते, त्याच कुलपाआड दहशतवाद्याचा कटही लपतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर आपल्या पाकिस्तानातील सूत्रधारांशी इंटरनेटमार्गे फोनवर बोलत होते आणि आपल्या यंत्रणांनी ते संभाषण टिपले म्हणून सूत्रधारांचा चेहरा जगासमोर आला. उद्या हे बोलणे ऐकूच आले नाही तर? म्हणून प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली शासनाकडे असावी, अशी मागणी होते. शासन आपल्या विचारांचे असले की ती आपल्या कार्यकर्त्यांकडूनही होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६९ वे कलम यंत्रणांना विशिष्ट परिस्थितीत संदेश उलगडून मागण्याचा अधिकार देते. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन मोठ्या माध्यमांवर घातले आणि तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये तर नागरिकांनी आपल्या संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, असा धोरणाचा मसुदाच प्रसिद्ध झाला होता. शासनाने तो काही दिवसांत मागे घेतला, हे योग्यच झाले.

चिंता रास्त असली तरी जादा किल्लीचा उपाय मला मान्य नाही. पहिले कारण व्यवहाराचे. ग्रीसमध्ये पोलिसांना कायदेशीर टेहळणी करता यावी म्हणून मोबाईल यंत्रणेत जी सोय होती, तिच्याच वाटे अज्ञात घुसखोरांनी २००४-०५ मध्ये खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर महत्त्वाच्या व्यक्तींचे फोन कित्येक महिने ऐकले. चोरदरवाजा ‘आपल्यासाठी’ म्हणून करता येत नाही. तो असतो किंवा नसतो. आपल्या सीमेपलीकडे कोण बसले आहे, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण आपल्याच इतिहासातले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले आणि जे बाहेर राहिले त्यांनी नावे बदलून, वेश पालटून, निरोप तोंडी पोचवून, हाताने छापलेली पत्रके घरोघर वाटून लोकशाहीची ज्योत तेवत ठेवली. पत्र कोण फोडील या धास्तीने खुणेच्या शब्दांत लिहिणारी पिढी अजून आपल्यात आहे, त्यांना विचारावे. त्या दिल्लीपाशी प्रत्येक घराची जादा किल्ली असती, तर ती चळवळ किती दिवस टिकली असती? शासने येतात आणि जातात, किल्ली मात्र खुर्चीबरोबर पुढच्याच्या हाती जाते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितले, त्याकडे याच अनुभवाच्या प्रकाशात पाहिले पाहिजे.

मग कट शोधायचे कसे? त्याचे उत्तरही कौटिल्याकडे आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती ग्राह्य धरावी, असे तो सांगतो. माणसांचे जाळे, संशयिताचा नेमका माग, कायद्याच्या चौकटीत केलेली जप्ती, हे मार्ग कष्टाचे आहेत; पण साऱ्या देशाची कुलुपे कमकुवत केल्याने ते कष्ट वाचणार नाहीत.

दारावरचा पहारा

कुलूप भक्कम झाले की चोर कुलपाशी झटत बसत नाही, तो घरच्या माणसाकडून किल्ली मागून घेतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविषयी पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मधून सावध केले, ते याचसाठी. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला कोणी तरी धमकावतो आणि आयुष्यभर पै-पै जोडलेले निवृत्त गृहस्थ स्वतःच्या हाताने पैसे पाठवून मोकळे होतात. येथे गणित हरलेले नसते. घरात एकटा पडलेला, घाबरलेला माणूस हरलेला असतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचे काहीही नाही आणि फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, एवढे दोन वाक्यांचे ज्ञान आपल्या वस्तीतील प्रत्येक ज्येष्ठापर्यंत पोचले आहे काय?

संपर्क हा तर आपल्या कार्यपद्धतीचा प्राण. आठवड्यातील एक संध्याकाळ शेजारच्या दोन वृद्ध दांपत्यांसाठी द्यावी, त्यांचा फोन हाती न घेता त्यांच्याच हातून व्यवहार करवून घ्यावा आणि ओटीपी म्हणजे घराची किल्ली, ती मुलगा म्हणवून घेणाऱ्या आवाजालाही फोनवरून द्यायची नसते, हे समजावून सांगावे. आणि घरात गणितात रमणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ‘पुढे नोकरी कोणती?’ हा प्रश्न थोडा उशिरा विचारावा. शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले आहे. पुरेसा समर्थ क्वांटम संगणक उभा राहिला, तर आजची बरीच कुलुपे उघडी पडतील आणि नवी घडवावी लागतील. पैशाची तरतूद दिल्लीतून होईल. ती कुलुपे घडविणारी बुद्धी आपल्याच घरांतून यावी लागेल.